पहिले घर आणि विकासकाचे दिवाळे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादा विकासक दिवाळखोरीत निघाला आणि त्याच्याकडे सदनिका नोंदविणारे हवालदिल झाले, अशी बातमी आली की पुरोगामी वर्तुळातही एक प्रश्न विचारला जातो : हा मालमत्तावाल्यांचा आपापसांतला तंटा आहे, श्रमिकांच्या पक्षाने त्यात का पडावे? या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे. ज्याच्या नावावर चार सदनिका आहेत आणि पाचवी नफ्यासाठी हवी आहे, त्याची गोष्ट निराळी. परंतु एसटीचा वाहक, रुग्णालयातील परिचारिका किंवा प्राथमिक शिक्षक पहिल्या घरासाठी जी रक्कम विकासकाच्या हाती ठेवतो, ती वर्षानुवर्षांच्या वेतनातून मागे पडलेली बचत असते. आणि त्या बचतीला जोडून घेतलेले कर्ज म्हणजे पुढील वीस वर्षांचे, अद्याप हाती न पडलेले वेतन असते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२५ च्या आपल्या निर्णयात राहण्यासाठी घर घेणारा आणि सट्ट्यासाठी पैसा गुंतविणारा यांत स्पष्ट भेद केला आहे. विकासकाचे दिवाळे निघते तेव्हा पहिल्या घराच्या ग्राहकाचे वेतनच बुडते. म्हणून हा प्रश्न श्रमिक चळवळीचा आहे.

आता या व्यवहाराचे खरे स्वरूप पाहू. बांधून पूर्ण झालेले घर घेणे ही खरेदी होय. न बांधलेल्या घराचे हप्ते भरणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने कर्ज देण्याची क्रिया होय. या कर्जावर व्याज नाही, त्याला तारण नाही आणि ऋणकोचे हिशेब तपासण्याचा अधिकार नाही. बँक त्याच विकासकाला कर्ज देते तेव्हा जमीन गहाण ठेवून घेते, व्याज लावते आणि वहीखाते मागते. एकाच इमारतीत दोघांचा पैसा जातो. एक धनको सर्व बाजूंनी सुरक्षित राहतो आणि दुसऱ्याला आपण धनको आहोत याची जाणीवही नसते.

ही जाणीव कायद्याला मात्र पूर्वीपासून होती. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील कलम ५५ असे सांगते की, ताबा मिळण्यापूर्वी खरेदीदाराने रीतसर भरलेल्या रकमेपुरता विक्रेत्याच्या मालमत्तेवर त्याचा भार राहतो. महाराष्ट्राने १९६३ साली मालकी सदनिकांसंबंधी स्वतंत्र कायदा केला. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. लेखी करार करून तो नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. करारानंतर विकासकाने ती सदनिका गहाण टाकली तरी ग्राहकाच्या हक्काला बाध येणार नाही, असेही म्हटले.

परंतु त्याच २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिताही संमत केली. मूळ संहितेत घर घेणाऱ्याचे स्थान काय, याचे स्पष्ट उत्तर नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीलगतच्या नोएडा परिसरात हजारो सदनिकांचे काम हाती घेतलेल्या जेपी इन्फ्राटेक या कंपनीविरुद्ध एका बँकेच्या अर्जावरून दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. वीस हजारांहून अधिक ग्राहक एका दिवसात अधांतरी झाले. कार्यवाही सुरू होताच स्थगन लागू होते. कंपनीवर दावा लावता येत नाही, हाती असलेला निवाडा अमलात आणता येत नाही. गृहकर्ज ग्राहकाच्या स्वतःच्या नावावर असल्याने त्याचा हप्ता मात्र थांबत नाही. घरभाडे चालू, हप्ता चालू आणि बांधकाम बंद, अशी ही तिहेरी कोंडी होती.

त्या ग्राहकांच्या लढ्यामुळे जून २०१८ मध्ये वटहुकूम निघाला आणि घर घेणारा हा वित्तीय धनको ठरला. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. हे संघटित प्रयत्नांचे यश होते, यात शंका नाही. पण त्या यशाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. धनकोंच्या समितीत माणसे मोजली जात नाहीत, रुपये मोजले जातात. ग्राहकांच्या वतीने एकच प्रतिनिधी मत देतो. पुढे २०२० च्या दुरुस्तीने दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी त्याच प्रकल्पातील किमान शंभर ग्राहक किंवा एकूण ग्राहकांच्या दहा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तिची अट घातली. बँकेला मात्र एकट्याने अर्ज करता येतो. आणि पुनरुज्जीवनाची योजना फसून कंपनी अवसायनात गेली, तर कलम ५३ च्या क्रमवारीत कार्यवाहीचा खर्च भागल्यावर तारणधारक धनको आणि कामगारांची चोवीस महिन्यांची देणी समान पातळीवर येतात. तारण नसलेला वित्तीय धनको त्यांच्या खाली, कर्मचाऱ्यांच्या वेतनानंतर उभा राहतो. समितीच्या बैठकीत मिळालेली खुर्ची वाटपाच्या वेळी कामास येतेच असे नाही.

जेपी प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड झाली. या कंपनीची साडेसातशे एकरांहून अधिक जमीन तिच्या मूळ कंपनीच्या कर्जासाठी बँकांकडे गहाण टाकण्यात आली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे व्यवहार रद्दबातल ठरविले. नव्या उद्योगसमूहाच्या योजनेला मार्च २०२३ मध्ये न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली आणि मे २०२४ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. संहिता कार्यवाहीसाठी ३३० दिवसांची मर्यादा सांगते. येथे मंजुरीलाच साडेपाच वर्षे लागली.

त्याच परिसरातील आम्रपाली प्रकरणाने निराळी वाट दाखविली. तेथे सुमारे बेचाळीस हजार ग्राहक अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी विकासकाची रेरा नोंदणी रद्द केली, अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सार्वजनिक कंपनीकडे सोपविले आणि स्थानिक प्राधिकरणे व बँका यांना आपली थकबाकी ग्राहकांच्या सदनिकांतून वसूल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. वसुलीच्या आधी घर, हा क्रम तेथे मान्य झाला. सार्वजनिक क्षेत्र निरुपयोगी ठरले आहे असे अहोरात्र सांगणाऱ्यांनी या निकालाकडे जरूर पाहावे.

कायदा केंद्राचा असल्यामुळे ही चर्चा मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकच्या ग्राहकालाही तितकीच लागू आहे. महारेराने परताव्याचा आदेश दिला तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊ शकते. परंतु वसुलीपूर्वीच विकासक दिवाळखोरीच्या छत्राखाली गेला, की तो आदेश स्थगनापुढे थबकतो.

या साऱ्या हिशेबात एक माणूस कोठेच दिसत नाही. तो म्हणजे त्या इमारतीवर विटा वाहणारा मजूर. कलम ५३ मध्ये कामगारांना वरचे स्थान आहे खरे. पण कंत्राटदाराने नाक्यावरून आणलेला मजूर कंपनीच्या हजेरीपटावरच नसतो. इमारत अर्धी राहिली की त्याची मजुरी बुडते, आणि त्याच इमारतीत वाहकाची बचत बुडते. या दोघांना एकमेकांसमोर उभे करणे धनाढ्यांच्या सोयीचे आहे. दोघांना एका व्यासपीठावर आणणे हे पक्षाचे काम आहे.

ते काम ठोस आहे. आपल्या गावात एखादा विकासक डबघाईला आल्याचे कळताच कार्यकर्त्यांनी ग्राहकांचा संघ उभा करावा. कार्यवाहीची जाहीर सूचना निघाली की मुदतीच्या आत प्रत्येकाचा दावा, करारनामा आणि पावत्यांसह दाखल होईल, हे पाहावे. रेराच्या कलम ८ नुसार प्रकल्पाची नोंदणी संपली वा रद्द झाली, तर उरलेले काम हाती घेण्याचा पहिला हक्क ग्राहकांच्या संघाला मिळतो. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हा हक्क कागदावर राहता कामा नये. मागण्याही स्पष्ट असाव्यात : पहिले घर घेणाऱ्याचा १८८२ पासूनचा भार दिवाळखोरीच्या क्रमवारीत बँकेच्या तारणाइतकाच मानला जावा, बांधकाम न पाहता विकासकाला परस्पर पैसे देणाऱ्या बँकेने तोट्यात वाटेकरी व्हावे आणि ताबा मिळेपर्यंत हप्ते थांबवावेत, स्वतंत्र खात्याचा तपशील दर तिमाहीस ग्राहकांपुढे यावा, नाक्यावरच्या मजुराची थकलेली मजुरी कंपनीचेच देणे समजली जावी.

आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी जुनीच आहे. म्हाडासारख्या सार्वजनिक संस्था आणि सहकारी गृहनिर्माण संस्था पुरेशी घरे बांधतील, तर वेतनावर जगणाऱ्याला पहिल्या घरासाठी अनोळखी ऋणकोचा बिनव्याजी धनको व्हावे लागणार नाही. तोपर्यंत, जेथे जेथे अर्धवट इमारत उभी आहे तेथे तेथे पक्षाची शाखा पोहोचली पाहिजे.