निरोप सांगणाऱ्याचे व्याकरण

प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करा, असा प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेत आला की पुष्कळ विद्यार्थ्यांचा धीर सुटतो. 'नाऊ'चे 'देन', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' अशी कोष्टके त्यांना मुखोद्गत असतात. परंतु ती कोठे लावावयाची आणि कोठे नाही, हे उमगलेले नसते. वस्तुतः या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे.

एक उदाहरण घेऊ. पुणे-सातारा मार्गावर भोर तालुक्यात कापूरहोळ हे गाव आहे. १६५७ साली जन्मलेल्या संभाजी महाराजांना दूध पाजणारी धाराऊ याच गावची. भोरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. समजा, त्या फाट्यावर तुमचा स्नेही तुम्हांस म्हणाला, "मी उद्या येथे तुझी वाट पाहीन." चार दिवसांनी पुण्यात तुम्ही ही हकीगत सांगता. 'मी उद्या येथे तुझी वाट पाहीन, असे तो म्हणाला,' एवढे म्हटले की मराठीत काम भागते. मोडी लिहिण्यात अवतरणचिन्हे नव्हती. ती विरामचिन्हे मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत रूढ केली. त्यापूर्वी दुसऱ्याचे बोलणे कोठे संपले, हे 'असे' किंवा 'म्हणून' हे शब्दच दाखवीत.

इंग्रजीची रीत निराळी. तेथे निरोप सांगणाऱ्याने स्वतःच्या जागेवरून आणि स्वतःच्या वेळेवरून बोलावयाचे असते: 'ही सेड दॅट ही वुड वेट फॉर मी देअर द नेक्स्ट डे.' स्नेही आता तिऱ्हाईत झाला, म्हणून 'आय'चे 'ही'. 'यू' म्हणजे तुम्ही स्वतः, म्हणून 'मी'. कापूरहोळ दूर राहिले, म्हणून 'देअर'. तो 'उद्या' उलटून गेला, म्हणून 'द नेक्स्ट डे'. मराठी वळणाने 'ही सेड दॅट आय शॅल वेट' असे म्हणाल, तर वाट पाहण्याचे काम तुमच्याच गळ्यात पडेल!

आता हाच निरोप त्याच सायंकाळी, त्याच फाट्यावर उभे राहून तुम्ही तिसऱ्या गृहस्थास सांगितला, तर? 'हिअर' आणि 'टुमॉरो' जसेच्या तसे राहतील. कारण जागा तीच आणि उद्याचा दिवसही तोच. कोष्टक मात्र तेथेही 'देअर'च लिहावयास लावील. प्रश्नार्थक वाक्यासही हेच लागू. 'व्हेअर डू यू लिव्ह?' हा प्रश्न सांगताना तुम्ही तो विचारीत नसता, केवळ कळवीत असता. म्हणून 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड' असा साधा विधानाचा क्रम येतो.

तेव्हा घरातील मुलांकडून कोष्टके घोकून घेण्यापूर्वी त्यांना तीन प्रश्न विचारावेत: बोलणारा कोण होता, सांगणारा कोण आहे, आणि तो कोठून व केव्हा सांगत आहे? ही उत्तरे नीट आली की वाक्य आपोआप जुळते. शिवाय, दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या अर्थास धक्का न लावता पोहोचविण्याची सवय लागते. आणि ती परीक्षा संपल्यावरही उपयोगी पडते.