रेडिओवर बोललेलं एक वाक्य

जून २०१७ मध्ये मालवण तालुक्यातलं वराड गाव एकदम वर्तमानपत्रांत झळकलं. या गावाशी नातं असलेल्या डॉ. अशोक वराडकरांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला होता. आपल्याला कौतुक वाटलं ते कोकणी आडनावाचं. लिओ समलिंगी आहेत आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं आहे, याचा उल्लेख मात्र आपण जरा चाचरतच केला.

आयर्लंडही एकेकाळी असंच चाचरत होतं. तिथे पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होता. कायदा १८६१ सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला. इंग्रज गेले, कायदा राहिला. डब्लिनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या डेव्हिड नॉरिस यांनी त्याला आव्हान दिलं. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. १९८८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले. त्यांच्या वकील मेरी रॉबिन्सन पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्षा झाल्या.

पण कायदा बदलला म्हणून मनातली भीती लगेच जात नाही. पॅट कॅरी मंत्रिपदापर्यंत पोचले, २०११ मध्ये निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर पडले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जाहीर केलं ते २०१५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी. त्याच्या काहीच आठवडे आधी आरोग्यमंत्री असलेल्या वराडकरांनी तेच एका रेडिओ मुलाखतीत सांगितलं होतं, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी. एकाचं राजकीय आयुष्य सरलं, तेव्हा त्याला बोलता आलं. दुसरा ऐन उमेदीत बोलला आणि अडीच वर्षांत पंतप्रधान झाला. पिढीचं अंतर म्हणतात ते हे.

त्याच २०१५ च्या मे महिन्यात समलिंगी विवाहावर सार्वमत झालं. परदेशी गेलेली मुलं केवळ मत द्यायला घरी परतली. बासष्ट टक्के लोकांनी होकार दिला. एवढं बहुमत एकट्या तरुणांच्या बळावर मिळत नाही. आईवडील, आजी-आजोबाही त्यात होते. माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअ‍ॅलीस प्रचारात उतरल्या, त्या स्वतःच्या समलिंगी मुलाविषयी बोलल्या. प्रश्न घरातल्या माणसाचा झाला, की वडीलधारी माणसंही वेगळा विचार करू लागतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, वराडकर वराडला आले. गावाने प्रेमाने स्वागत केलं, ते प्रेम खरं होतं. आता ते पंतप्रधान नाहीत. २०२४ मध्ये त्यांनी पद सोडलं. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला आहे. ज्याच्यामागे पद नाही, कॅमेरे नाहीत, असा आपल्याच वाडीतला एखादा मुलगा उद्या संध्याकाळी आजीजवळ बसून तेच वाक्य बोलला, तर आजी त्याला जेवायला वाढेल ना?



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)