सशाचं पिल्लू घेताना

बीड, परळी किंवा अंबाजोगाईच्या बाजारात मुठीत मावेल एवढं सशाचं पिल्लू दिसलं, की पोरं हट्ट धरणारच. पण पिल्लू जितकं लहान, तितका त्याच्या जिवाला धोका जास्त.

ते १० व्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतं, तिसऱ्या आठवड्यात गवत कुरतडू लागतं. म्हणजे दूध सुटलं, असं नव्हे. आईचं दूध पोटातल्या घातक जंतूंना आवर घालतं. ते अचानक तुटलं, की हगवण लागून पिल्लू दगावतं. म्हणून ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नये.

आणलंच असेल, तर आधी आईकडे परत नेता येतं का, ते पाहा. नाहीच जमलं, तर वाळलेलं गवत, थोडा लसूणघास आणि स्वच्छ पाणी सतत पुढे असू द्या. म्हशीचं दूध, बिस्किटं नकोत. सशाला घाम येत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. खाणं किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.

ज्वारी काढताना सापडलेलं रानसशाचं पिल्लू मात्र जागीच राहू द्या. आई दिवसा दूर राहून त्याला पाजायला येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.