अर्थशास्त्रात एम.ए. : आधी गणिताची भीती मोडा



बी.ए. झालं की घरात एकच विषय, "आता पुढं काय?" बी.एड. नाहीतर स्पर्धा परीक्षा, ही दोन उत्तरं आपल्याकडं तयारच असतात. मी तिसरं सांगायला आलोय : अर्थशास्त्रात एम.ए. पण वेळ काढायला नव्हे. ठरवून, तयारी करून.

हा विषय आपल्याला परका नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली अर्थशास्त्रात एम.ए. झाले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला.

मराठी माध्यमाच्या पोरांना वाटतं, इंग्रजी आडवी येणार. येते, पण वाचून वाचून सरावाची होते. खरं अडवतं ते गणित. कला शाखेतल्या बहुतेकांचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. चांगल्या विद्यापीठात मात्र पहिल्याच सत्रात ग्राहकाची निवड काय, कंपनीचा नफा काय, सगळं कॅल्क्युलसनं सोडवायचं असतं. म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच अकरावी-बारावीची एन.सी.ई.आर.टी.ची गणिताची पुस्तकं हातात घ्या. इंटरनेटवर फुकट मिळतात. फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी : रोज एक तास, वहीत सोडवून.

प्रवेशाचं म्हणाल तर हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्यासाठी सीयूईटी-पीजी द्यायची. आयआयटीसाठी जॅम, तिथं २०२१ पासून अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. "तू नेमका कुठल्या राज्याचा?" हा प्रश्न आपल्या पाचवीलाच पुजलाय. या परीक्षांत रहिवासी दाखल्यावरून कुणी अडवत नाही.

पुढं नेट देऊन प्राध्यापकी आहे, बँका आहेत, संशोधन आहे. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला तर अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते.

आणि अभ्यासाला विषय दारात आहेत. निपाणीच्या तंबाखूचा भाव कोण ठरवतो? बेळगावच्या फाउंड्रीत कामगार कुठून येतो? ऊस अलीकडच्या कारखान्याला घालायचा की सीमेपलीकडच्या, हे शेतकरी कशावरून ठरवतो? मराठी आणि कन्नड दोन्ही बोलून शेतकऱ्याच्या ओसरीवर आकडे गोळा करणारा अभ्यासक बाहेरून आणता येत नाही. तो तुमच्यातूनच तयार व्हावा लागेल.

गणिताची वही आजच घाला.