शिंदी, मोहा आणि बर्बन



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या कपाळास आठी पडली असेल. ज्यानें उभा जन्म मुलांचें शुद्धलेखन तपासण्यांत घालविला, त्यानें मद्याच्या चवीवर बोलावें हें विपरीत दिसतें खरें. मद्याचा प्रचार करण्यास मी येथें आलेलों नाहीं, आणि निषेधाचीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत. या दोहोंच्या मध्यें एक गोष्ट नेहमीं राहून जाते. आपण पितों ती वस्तु कशाची झाली आहे, हें पिणाऱ्यास बहुधा ठाऊक नसतें, आणि न पिणाऱ्यास विचारण्याची लाज वाटते. माझ्या मतें या अज्ञानानें जेवढें नुकसान केलें आहे, तेवढें खुद्द मद्यानेंही केलें नसेल.

आमचें देगलूर हें सीमेवरचें गांव. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग आंध्र प्रदेशांत गेले; आज ते तेलंगणांत आहेत. माणसांच्या सोयरिकी राहिल्या तशी शिंदीची चवही दोहींकडे राहिली. आम्ही ज्या झाडास शिंदी म्हणतों त्यास पलीकडे ईत म्हणतात, आणि त्याच्या रसास कल्लु. आम्ही मात्र झाडालाही शिंदी म्हणतों आणि रसालाही शिंदीच.

हा रस काढणें मोठें कसबाचें काम आहे. थंडी पडूं लागली कीं कलाल कमरेस दोर बांधून झाडावर चढतो, शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या उतरवितो, आणि खोडाचा कोंवळा पांढरा भाग उघडा करून त्यावर धारदार कोयत्यानें पातळ काप घेतो. खालीं मडकें बांधतो. रात्रभर थेंब थेंब रस त्यांत गळतो. काप खोल गेला तर झाड मरतें, उथळ राहिला तर रस येत नाहीं. एका वर्षीं एका बाजूस खांच घेतली तर पुढील वर्षीं उलट बाजूस घ्यावयाची, असा नियम आहे. त्यामुळें जुन्या शिंदीच्या खोडावर एक उजवी, एक डावी अशा खांचांचा जिनाच तयार होतो. त्या मोजल्या म्हणजे झाडानें किती वर्षें रस दिला तें समजतें.

पहांटे उतरविलेला ताजा रस मद्य नव्हे. ती नीरा. तींत शेंकडा दहा-बारा भाग साखर असते. मडक्यास आंतून चुना फासलेला असेल तर नीरा कांहीं वेळ तशीच राहते. चुना नसेल, तर पाव फुगविणाऱ्या किण्वाच्याच जातीचे सूक्ष्म जीव तींतील साखर खाऊं लागतात, आणि साखरेचे मद्यार्क व कर्बवायु होतात. म्हणून फेंस येतो. दुपारपर्यंत तींत शेंकडा चार-पांच भाग मद्यार्क होतो; दुसऱ्या दिवशीं तिचा शिरका होऊं लागतो. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास गोडी अजून गेलेली नसते आणि आंबटपणा नुकताच जिभेस लागतो. त्या घटकेची शिंदी, सोबत ज्वारीची भाकरी आणि तिखट चटणी. याहून चांगलें पेय मला तरी ठाऊक नाहीं. विलायती बाटल्यांचे भोक्ते हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें.

मोहाविषयीं थोडेंच सांगतों. निजामाच्या अमलांत आमच्याकडील दारू मुख्यत्वेंकरून मोहाच्या वाळलेल्या फुलांचीच गाळीत; त्या फुलांस गुलमोहा म्हणत. किनवट-माहूरच्या रानांत वसंताच्या आरंभीं पहांटे या फुलांचा सडा पडतो. फुलें भिजवून आंबवावयाचीं, आणि मग तें पाणी तापवावयाचें. मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांवर उकळतो आणि पाणी शंभरांवर, म्हणून मद्यार्काची वाफ आधीं निघते. ती थंड केली कीं दारू झाली. स्कॉटलंडांतील तांब्याच्या भट्टींत याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

मग व्हिस्कीचा एवढा डौल कशासाठीं? पुण्यास नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळींत भेटीस आला. "गुरुजी, रागावूं नका," असें म्हणत त्यानें पिशवींतून अमेरिकेची बर्बन काढली. (१९४९ सालच्या दारूबंदी कायद्याप्रमाणें लागणारा परवाना माझ्याजवळ आहे, हें सांगून ठेवतों.) बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की. तिच्या धान्यांत निदान शेंकडा एक्कावन्न भाग मका हवा, आणि ती ओकच्या अगदीं नव्या, आंतून जाळून कोळसा केलेल्या पिंपांत ठेविली पाहिजे, असा त्या देशाचा कायदा आहे. एकदां वापरलेलें पिंप बर्बनसाठीं पुन्हां चालत नाहीं. मग त्यांतलीं पुष्कळ पिंपें स्कॉटलंडांत जातात, आणि तेथें निदान तीन वर्षें मुरल्यावांचून त्या दारूस स्कॉच म्हणतां येत नाहीं.

भट्टींतून उतरलेली ही दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. रंग आणि पुष्कळसा सुवास लांकडाचा. लांकूड जळतांना त्यांतील घटक फुटतात, कांहींचा व्हॅनिलासारखा वास होतो, कांहींची साखर होऊन करपते. मीं पेला नाकाशीं नेला तेव्हां मला गुऱ्हाळाची आठवण झाली. काहिलींतला पाक लागावयास येतो त्या वेळीं जो वास सुटतो, तोच. त्यांत चार थेंब पाणी घातलें तर वास अधिक मोकळा होतो. एवढा एक पेला आम्ही दोघांनीं तासभर पुरविला.

पिंपांतून दरवर्षीं कांहीं दारू उडून जाते; तिकडील लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडींत हा वाटा शेंकडा दोनच्या आसपास असतो, आपल्या बंगळूरच्या हवेंत दहाच्याही वर जातो. आपल्याकडील देवदूत अधिक तहानलेले दिसतात! परंतु त्याच उष्णतेनें दारू लवकर मुरते. बंगळूरची अमृत ही जवाची व्हिस्की २००४ सालीं प्रथम विकावयास काढली ती थेट स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरांत, आणि तिनें तेथें नांव मिळविलें.

आपल्या बाजारांत व्हिस्की म्हणून जी स्वस्त बाटली मिळते ती बहुधा अशी नसते. तिचा मुख्य भाग साखर कारखान्यांतील मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. रंग आणि वास मागाहून येतात. युरोपांत मळीच्या मद्यार्कास व्हिस्की हें नांव लावूंच देत नाहींत. अशा दारूस चाखण्याजोगें कांहीं नसल्यामुळें लोक ती घशाखालीं ढकलतात, आणि ढकलण्याची एकदां संवय झाली कीं पेल्यांत काय आहे तें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या सीमेवर याचा शेवट मीं पाहिला आहे. झाडें थोडीं आणि गिऱ्हाईक पुष्कळ, तेव्हां शिंदीच्या नांवाखालीं पाणी, साखरेचें सोंग आणि क्लोरल हायड्रेट नांवाचें झोंपेचें औषध विकलें जाऊं लागलें. २०१५ सालीं तेलंगणांत या भेसळीवर कडक कारवाई झाली, तेव्हां त्या औषधाचीच संवय जडलेल्या लोकांचे हातपाय कांपूं लागले, कांहींना भ्रम झाला, आणि रुग्णालयांत त्यांची रीघ लागली. त्याच सालीं मुंबईंत मालवणीस मेथॅनॉल मिसळलेल्या दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. हीं माणसें चवीसाठीं मेलीं नाहींत. चव ओळखणाऱ्यानें पहिल्याच घोटास पेला खालीं ठेविला असता, असें मी म्हणत नाहीं, कारण मेथॅनॉल चवीनें ओळखतां येत नाहीं. परंतु भेसळीच्या शिंदीस खरी शिंदी प्यालेला मनुष्य सहसा फसत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या विषयास अस्पृश्य मानलें नव्हतें. आमच्या तालुक्यांतील होट्टलचीं मंदिरें ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचीं, त्यांच्याच तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत मानसोल्लास रचला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें मदिरापानक्रीडाही आहे. चरकसंहितेंत मदात्ययावर, म्हणजे अतिपानाच्या रोगावर, स्वतंत्र अध्याय आहे, आणि मद्य कोणत्या मात्रेनें, कोणत्या वेळीं, कोणत्या अन्नाबरोबर घ्यावें याचा विचारही त्याच अध्यायांत केला आहे. रोग आणि रीति यांची चर्चा त्यांनीं एकाच ठिकाणीं केली.

आमच्या ओढ्याकांठीं शिंदीचीं सात झाडें उरलीं आहेत. मला ठाऊक असलेला कलाल आतां सत्तरीस आला असून तो त्यांतल्या तिघांवरच चढतो. बाकीचीं फार उंच झालीं, असें तो सांगतो. त्याचा मुलगा हैदराबादेस गाडी चालवितो. यंदा माघांत पहांटे मी मडकें घेऊन गेलों, तेव्हां मला तांब्याभर नीरा मिळाली; माझ्यामागून आलेल्या दोघांना नाहीं म्हणून सांगावें लागलें, आणि ते तेथून सडकेवरच्या दुकानाकडे गेले.