संताप हा संस्काराला पर्याय नव्हे

(‘नवी माध्यमे आणि कुटुंब’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)

फेब्रुवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात देशातील असंख्य घरांत एकच विषय चर्चिला जात होता आणि विलक्षण गोष्ट अशी की, तो विषय कोणालाही घरात धडपणे उच्चारता येत नव्हता. समय रैना या विनोदकाराच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरील कार्यक्रमात परीक्षकाच्या आसनावर बसलेल्या रणवीर अलाहाबादिया याने एका स्पर्धकाला त्याच्या आई-वडिलांच्या खासगी सहजीवनाविषयी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. तेथील मंडळी मात्र हसली. पाहता पाहता देशभर क्षोभ उसळला. १० फेब्रुवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यालाही मर्यादा असते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच दिवशी गुवाहाटीत गुन्हा नोंदवला गेला. मुंबईत तक्रारी झाल्या, महाराष्ट्र सायबर विभागाने चौकशी आरंभली. केंद्र सरकारच्या सूचनेवरून तो भाग यूट्यूबवरून हटवण्यात आला आणि रैना याने त्या कार्यक्रमाचे सारेच भाग काढून घेतले. अलाहाबादियाने दिलगिरी व्यक्त केली. आपले बोलणे अनुचित तर होतेच, पण ते विनोदीही नव्हते, अशी कबुली त्याने दिली.

हा संताप योग्य होता का? निःसंशय योग्य होता. मातृदेवो भव, पितृदेवो भव असे ज्या समाजात मौंजीबंधनापासून सांगितले जाते, तेथे आई-वडिलांचे नाते चेष्टेचा विषय झाले तर समाजमन दुखावणारच. ते दुखावले नसते, तर ती अधिक चिंतेची बाब ठरली असती. परंतु प्रश्न तेथे संपत नाही. संतापाने पुढे काय केले आणि संताप ओसरल्यावर हाती काय उरले, याचा विचार करणे हे विवेकी समाजाचे कर्तव्य आहे.

अपेक्षाभंगाचे दुःख

या क्षोभाची तीव्रता समजून घ्यायची तर तो तरुण कोण होता, हे पाहावे लागते. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला, डॉक्टर दांपत्याच्या पोटी जन्मलेला हा मुंबईकर. ‘बीअरबायसेप्स’ या नावाने त्याने यूट्यूबवर व्यायाम आणि आहाराचे धडे देण्यास प्रारंभ केला. पुढे त्याने ‘द रणवीर शो’ हा पॉडकास्ट, म्हणजे दीर्घ मुलाखतींचा कार्यक्रम सुरू केला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर, नितीन गडकरी, ‘इस्रो’चे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांच्यासारखी मान्यवर मंडळी त्याच्यासमोर बसली. योग, ध्यान, तंत्र, पुराणे, इतिहास असे विषय त्याने तरुणांपर्यंत नेले. ८ मार्च २०२४ रोजी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये त्याला पंतप्रधानांच्या हस्ते ‘नॅशनल क्रिएटर्स अवॉर्ड’ मिळाले.

म्हणूनच अनेक घरांत हा मुलगा ‘आपला’ वाटू लागला होता. ‘निदान काहीतरी चांगले ऐकतो आहे,’ असे म्हणून आई-वडिलांनीच त्याचे कार्यक्रम मुलांना सुचवले होते. परक्याने शिवी दिली तर राग येतो. ज्याला घरात बसायला पाट दिला, त्याने दिली तर राग येतोच, पण त्याहून अधिक दुःख होते.

येथे एक कटू प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. त्याला पाट दिला तो कोणत्या कसोटीवर? अध्यात्मावर प्रश्न विचारणे आणि अध्यात्म अंगी बाणवणे यांत अंतर असते. मुलाखतकार थोरामोठ्यांसमोर बसतो, म्हणून तो थोर होत नाही. पूर्वी कीर्तनकाराला गावात बोलावताना त्याचे पाठांतर पाहिले जाई, तशी त्याची राहणीही पाहिली जाई. आज दर्शकांची संख्या पाहिली जाते. लाखो लोक पाहतात, यालाच योग्यतेचे प्रमाणपत्र मानण्याची चूक एकट्या त्या तरुणाची नाही. ती प्रेक्षकांची आहे, त्याला सन्मानाने बोलावणाऱ्या संस्थांचीही आहे.

कायद्याची वाट

या प्रकरणात न्यायव्यवस्थेने जे केले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या पीठासमोर अलाहाबादियाची याचिका आली. न्यायालयाने त्याला अत्यंत कठोर शब्दांत सुनावले. असे बोलणे ऐकून आई-वडिलांना लाज वाटेल, हा त्या बोलण्याचा आशय होता. मात्र त्याच आदेशाने त्याला अटकेपासून अंतरिम संरक्षण मिळाले आणि त्याच भागावरून देशभर नवे गुन्हे नोंदवण्यास प्रतिबंध झाला. पारपत्र ठाण्याच्या पोलिसांकडे जमा करण्याची अट घातली गेली, कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई झाली. ३ मार्चला, सभ्यतेची मर्यादा पाळण्याच्या हमीवर, त्याला पॉडकास्ट पुन्हा सुरू करू देण्यात आला. २८० कर्मचाऱ्यांची उपजीविका त्यावर अवलंबून असल्याचे त्याने सांगितले होते. २८ एप्रिलला पारपत्र परत करण्याचा मार्गही मोकळा झाला.

कठोर निर्भर्त्सना आणि तरीही कायद्याचे संरक्षण, या दोन्ही गोष्टी एकाच पीठाने एकाच दिवशी केल्या. अपराध्याला खडसावणे आणि त्याला जमावाच्या हाती न देणे यांत विसंगती नाही. धर्मराज्याची आपली कल्पनाही याहून वेगळी नाही.

संतापाची दुसरी बाजू

आता त्याच दिवसांतील दुसरे दृश्य पाहावे. आपल्याला ठार मारण्याच्या धमक्या येत आहेत आणि काही लोक रुग्ण असल्याचे भासवून आपल्या आईच्या दवाखान्यात घुसले, असे अलाहाबादियाने १५ फेब्रुवारीला लिहिले. त्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या एका तरुणीला बलात्काराच्या आणि हत्येच्या धमक्या आल्या. तिने पुढे त्या संदेशांच्या प्रतिमाच प्रसिद्ध केल्या.

बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर थांबायला हवे. हा सारा क्षोभ कशासाठी होता? आई-वडिलांच्या प्रतिष्ठेसाठी. आणि त्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी निघालेले लोक कोठे पोहोचले? एका आईच्या दवाखान्यात! स्त्रीच्या मर्यादेसाठी पेटलेल्या मनांनी एका तरुणीला काय लिहिले? जे मूल्य वाचवायचे, तेच पायदळी तुडवून ते वाचत नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवल्याची कथा महाराष्ट्र पिढ्यान्पिढ्या सांगत आला, ती पराभूत झालेल्या पक्षाच्या स्त्रीविषयीची आहे. ती कथा व्यासपीठावर सांगायची आणि भ्रमणध्वनी हाती येताच विसरायची, हा दुटप्पीपणा परवडणारा नाही.

दीड महिन्याने याचे आणखी एक रूप दिसले. खार येथील ‘द हॅबिटाट’ या वास्तूत हा कार्यक्रम चित्रित होत असे. कुणाल कामरा याच्या विडंबनावरून २३ मार्च २०२५च्या रात्री तेथे मोडतोड झाली आणि चालकांनी ते सभागृह बंद ठेवत असल्याचे घोषित केले. ज्याचे शब्द खटकले, तो विनोदकार त्या वेळी तेथे नव्हता. फुटल्या त्या खुर्च्या आणि दिवे. चर्चा मात्र विनोदाच्या दर्जावरून हटून मोडतोडीवर गेली. अविवेकी कृतीने आपलीच बाजू कशी दुबळी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

ज्यांनी आरडाओरडा केला नाही

याच काळात एक वेगळी लढाई चालू होती. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे ‘एसएमए’, या आनुवंशिक आजारात बालकांचे स्नायू क्षीण होत जातात. त्यावरील एका इंजेक्शनची किंमत सुमारे १६ कोटी रुपये. २०२१मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी जमवली आणि फडणवीस यांच्या विनंतीवरून केंद्र सरकारने त्या औषधावरील सुमारे ६ कोटींचे कर माफ केले, हे अनेकांना आठवत असेल. अशाच एका बालकाच्या महागड्या उपचारांवर समय रैना याने एका कार्यक्रमात विनोद केला होता. त्यावर देश खवळला नव्हता.

खवळले नाहीत, पण स्वस्थही बसले नाहीत, ते या आजाराच्या बालकांचे पालक. ‘क्युअर एसएमए फाउंडेशन’ ही त्यांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांनी कोणाचे घर शोधले नाही, कोणाला धमकावले नाही. त्यांनी पुरावे मांडले. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने रैना आणि इतर काही विनोदकारांना आपापल्या वाहिन्यांवरून जाहीर दिलगिरी व्यक्त करण्यास सांगितले. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यापुढचे पाऊल पडले. दिव्यांगांच्या जिद्दीच्या कथा सांगणारे कार्यक्रम महिन्यातून किमान दोनदा करावेत आणि त्यातून उपचारांसाठी निधी उभारण्यास साहाय्य करावे, असे निर्देश देण्यात आले. ज्या मंचावरून चेष्टा झाली, त्याच मंचावरून सेवा घडावी! शिक्षेची याहून अधिक भारतीय कल्पना कोणती असेल? आपल्या परंपरेत तिला प्रायश्चित्त म्हणतात.

विनोद आणि वेळ-काळ

विनोदाचे वावडे या मातीला कधीच नव्हते. संत एकनाथांनी भारुडातून समाजाला हसवले आणि हसता हसता आरसा दाखवला. तमाशाच्या फडात चावटपणा असे, पण तेथे कोण जातो, कोणत्या वेळी जातो, हे ठरलेले असे. लहान मुलाला घेऊन कोणी फडावर जात नसे. आज फडच मुलाच्या खिशात आला आहे, हा खरा बदल आहे. तो कायद्याने काही अंशी आवरेल. वापरकर्त्यांनी निर्माण केलेल्या आशयासाठी स्वायत्त, तटस्थ यंत्रणा असावी, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये व्यक्त केले. ती कशी असावी, यावर अवश्य विचार व्हावा. सरकार कोणाचेही असो, टीकेचा गळा दाबण्यासाठी तिचा वापर होणार नाही, ही दक्षताही घ्यावी लागेल.

परंतु कोणतीही यंत्रणा घराच्या उंबऱ्याआत येऊ शकत नाही. तेथे आई-वडिलांनाच उभे राहावे लागते. त्या फेब्रुवारीत किती घरांत वडिलांनी मुलाला जवळ बसवून विचारले, ‘हा कार्यक्रम तू पाहतोस का? तुला हसू आले का? का आले?’ बहुतेक ठिकाणी तीच चित्रफीत निषेधाच्या चार ओळी जोडून पुढच्या गटात पाठवली गेली. यूट्यूबने काढून टाकलेला तुकडा निषेध करणाऱ्यांच्याच हातून गावोगाव पोहोचला. घाण उचलायला निघालेल्यानेच ती अंगणाअंगणात सांडावी, तसा हा प्रकार झाला.

म्हणून तीन साध्या गोष्टी. आक्षेपार्ह आशय पुढे पाठवायचा नाही. तक्रार करायची ती लेखी, स्वतःच्या नावाने आणि कायद्याने नेमलेल्या ठिकाणी करायची. आणि आठवड्यातून एकदा तरी मुले काय ऐकतात, ते त्यांच्या शेजारी बसून ऐकायचे. उपदेश न करता ऐकायचे आणि मग बोलायचे.

एक तरुण चुकला, त्याने क्षमा मागितली, न्यायालयाने त्याला बंधने घातली आणि पुन्हा काम करू दिले. त्याचे काय होईल, ते त्याच्या आचरणावर अवलंबून आहे. समाजाचे काय होईल, ते मात्र पुढच्या क्षोभात किती आवाज उठला यावर ठरणार नाही. त्या रात्री घरात जेवताना मुलांशी काय बोलणे झाले, यावर ठरेल.