कसाबला वकील कशाला दिला?

(1976 च्या दहावीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला ती पुरत नाहीत, पण आज समोर बाई आणि सर बसले आहेत, त्यामुळे वेळेत संपवीन.

आपल्या ग्रुपवर दर नोव्हेंबरात 26/11 चा विषय निघतो. तुकाराम ओंबळे यांना आपण सगळे अभिवादन करतो. मग कुणीतरी लिहितंच, ‘कसाबला वकील कशाला दिला? चार वर्षं पोसला कशाला?’ तुमच्यापैकी काहींनी पोलिसात, सैन्यात आयुष्य घालवलं आहे. त्या हल्ल्यात 166 माणसं गेली. तुमचा राग मी हलक्यात घेत नाही, म्हणूनच उत्तर समोरासमोर देतो.

त्या खटल्यात कसाबबरोबर आणखी दोन आरोपी होते, दोघंही भारतीय. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात नकाशा सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. पण त्याची पँट रक्ताने भिजलेली आणि कागदावर मात्र डाग नाही. 3 मे 2010 रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात या दोघांना निर्दोष सोडलं. पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही कसाबची फाशी आणि या दोघांची सुटका, दोन्ही कायम ठेवलं. तेव्हाच्या संतापात तिघांनाही चौकात लटकवलं असतं, तर?

गुरुजनांची क्षमा मागून सांगतो, खोडी कुणाची ते कळलं नाही की आपला अख्खा वर्ग अंगठे धरून उभा राहायचा. वर्ग शांत व्हायचा, पण खोडी काढणारा सापडायचा नाही. देशाच्या सुरक्षेचंही तसंच आहे. चुकीचा माणूस आत गेला, की खरा बाहेर मोकळा राहतो.

आपण दहावीच्या परीक्षेत मूलभूत हक्कांचा अभ्यास करून बसलो, तेव्हा आणीबाणी चालू होती. मिसाखाली हजारो लोक खटल्याविना तुरुंगात होते. आपण निकालाची वाट पाहत असताना, 28 एप्रिल 1976 ला, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं, की आणीबाणी असेपर्यंत अशा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं होतं, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला, तरीही नाही? सरकारी बाजूचं उत्तर होतं, तरीही नाही. खन्ना एकटे विरोधात गेले, आणि ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीश झाले नाहीत. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला, तेव्हा तसं लिहिणारे होते त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. दुरुस्तीला एकेचाळीस वर्षं लागली. तुरुंगात गेलेले दिवस कुणाला परत मिळाले नाहीत.

कडक कायदे नकोत, असं मी म्हणत नाही. आज यूएपीएखाली आरोपपत्राआधी 180 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, जामीनही सहजी मिळत नाही. धोका खरा असतो, हे मान्य. पण असा कायदा आला की तीन गोष्टी विचारा. अटकेचं कारण लेखी द्यावं लागतं का? ते तपासायला कोर्टाचं दार उघडं आहे का? आणि खटला किती दिवसांत उभा राहणार? उत्तरं नीट मिळाली, तर सरकारला जरूर साथ द्या.

ओंबळ्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, पण कसाबला सोडलं नाही. तो जिवंत हाती लागला म्हणून खटला उभा राहिला आणि सीमेपलीकडचा कट जगासमोर आला. आणि योगायोग पाहा, 26 नोव्हेंबर हाच आपला संविधान दिन. त्या दिवशी दोघांनाही नमस्कार करू या.